यंत्राच्या मागची पडवी

यंत्र बंद पडलं की माणूस आधी त्याला एक थाप मारतो. मग चारदा बटण दाबतो. मग घरातल्या प्रत्येकाला विचारतो की हात कोणी लावला होता. या तिन्ही उपायांनी काही झालं नाही म्हणजे मला बोलावणं येतं.

कर्जतच्या बाजारात आमचं पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान ह्यांचं, हात माझे. हे रेल्वेत वायरमन होते. शिडीवरून पडले आणि उजवं मनगट असं काही सांधलं गेलं की त्या हाताने जेवता येतं, पण पाना फिरवता येत नाही. तेव्हापासून हे स्टुलावर बसून सांगायचे आणि मी करायची. दोन वर्षांनी सांगणं कमी झालं. चौथ्या वर्षी मी सांगू लागले आणि हे मान डोलावू लागले. यात मी काही पराक्रम केला असं मला वाटत नाही. शिवणयंत्राचा दोरा कुठे अडकतो हे जिला आवाजावरून कळतं, तिला पंख्याचं कळायला फार वेळ लागत नाही. गावात मला पंखेवाल्या काकू म्हणतात. सुरुवातीला हसून म्हणायचे, आता नुसतं म्हणतात.

लढाई संपली, साहेब लोक सामान विकून परत जाऊ लागले, आणि आमच्या भागातल्या बंगल्यांत एकेक नवी वस्तू येऊ लागली. त्यातलंच एक खोली गार करायचं यंत्र. खिडकीत बसवायचा मोठा पेटारा, अर्धा घरात, अर्धा बाहेर. सोबत एक जड ट्रान्सफॉर्मर, कारण ही यंत्रं अमेरिकेची आणि आपली वीज त्यांना दुप्पट जोराची. मुंबईचा कारागीर बोलावला तर आठ दिवसांनी येणार, आणि तोपर्यंत उन्हाळा अंगावर. म्हणून नदीकाठच्या बंगल्यात राहणाऱ्या एका निवृत्त मुन्सफांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुम्ही पंखे पाहता ना? यातही पंखाच आहे." ते खरंच होतं. यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. ती ह्यांनी वाचायची आणि मी पेटारा उघडून समोर ती वस्तू शोधायची, अशी आमची शाळा आठवडाभर त्यांच्या व्हरांड्यात भरली होती.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हे यंत्र गारवा तयार करत नाही. गारवा असा तयार करताच येत नाही. ते खोलीतली उष्णता उचलतं आणि बाहेर टाकतं. आपल्याकडे खाचरात पाणी जास्त झालं की माणूस ते उपसून बांधापलीकडे टाकतो, तसंच. उपसायचं काम आत कोंडलेला एक गॅस करतो. तो नळ्यांतून फिरत राहतो. घरातल्या नळ्यांत गार होऊन उष्णता पितो आणि बाहेरच्या नळ्यांत ती ओकतो. त्याला दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर हा यंत्राचा काळजाचा भाग, आणि तो सीलबंद असतो. तो गेला की माझं काम संपलं, पेटारा मुंबईला. पण दहातल्या आठ वेळा काळजाला काही झालेलं नसतं. कुठेतरी नाक चोंदलेलं असतं.

मुन्सफांचंच बघा. चैत्रात त्यांचा निरोप आला, यंत्राने दगा दिला, नुसता वारा येतो.

मी खोलीत पाऊल टाकलं आणि म्हटलं, "रावसाहेब, खिडकी उघडी आहे."

"ती शुद्ध हवेसाठी. चाळीस वर्षं मी उघड्या खिडकीशी निजतो आहे."

"मग हे यंत्र सगळं कर्जत गार करायला बघतंय. त्याला जमायचं नाही."

खिडकी लावली आणि पुढची जाळी काढली. यंत्र खोलीतली हवा आत ओढतं ती या जाळीतून, धूळ अडावी म्हणून ती असते. जाळीवर उशी भरता येईल एवढा कापूस होता. बंगल्यामागे सावरीची तीन झाडं, बोंडं फुटायचे दिवस, आणि खिडकी सताड उघडी. आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "मी सांगत होते कापूस आत येतो, तर म्हणे पुरावा काय!" मी पुरावा टेबलावर ठेवला. जाळी धुऊन वाळवून बसवली आणि अर्ध्या तासात खोली गार झाली.

दुसरे चौक गावचे एक ठेकेदार. ऐन आषाढात त्यांच्या पलंगावर पायथ्याशी पाणी ठिबकायचं. कोकणच्या माणसाच्या घरात पाणी ठिबकलं की तो वर बघतो. त्यांनी गडी चढवून कौलं चाळून घेतली. तरी ठिबकलं. भर पावसात दुसऱ्यांदा छप्पर उघडलं, निम्मी कौलं नवी घातली, घरभर चिखल केला. तरी ठिबकलंच. मी गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाणी छपराचं नाही, यंत्राचं आहे. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसा यंत्राच्या गार नळ्यांना येतो. पावसाळी हवेत तर जास्तच. ते पाणी मागून बाहेर जायला हवं, म्हणून यंत्र मागच्या बाजूला बोटभर कललेलं बसवतात. मी पाणसळ लावून बघितली. बुडबुडा बरोबर मध्यावर. ज्या सुताराने ते बसवलं होतं तो शेजारी उभा राहून अभिमानाने म्हणाला, "केसभर फरक नाय, बाय. बघा हवं तर."

"तोच तर बिघाड आहे, बाबा," मी म्हटलं. मागच्या दोन पाचरी काढल्या, यंत्र मागे कललं, पलंग कोरडा. सुतार मात्र आजही माझ्यावर रागावलेला आहे.

सगळंच जमतं असं नाही. एका मळेवाल्यांच्या यंत्राच्या नळ्यांवर बर्फ धरायचा. जाळी चोंदली की हवा पुरत नाही आणि घाम गोठतो. यंत्र तासभर बंद ठेवलं तर तो आपोआप वितळतो. त्यांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी सुरीने बर्फ फोडला. बर्फ निघाला, नळीला भोक पडलं आणि गॅसही निघून गेला. मी पेटारा उघडला, बघितला आणि मिटला.

आता खरं सांगायचं ते सांगते. वर जे लिहिलं ते मी चारचौघांत हसत सांगते. पुढचं फारसं सांगत नाही.

कुंभिवलीच्या शिवारात, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, मुंबईच्या एका लाकूड व्यापाऱ्यांचा बंगला आहे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. खोपोलीच्या वीजघराची तार जवळून गेल्यामुळे तिथे वीज होती. त्यांच्या आईला, माईंना, जुना दमा आणि त्यात हृदय अशक्त. मुंबईची दमट गर्दीची हवा सोसेना म्हणून डॉक्टरांनी त्यांना बाहेर ठेवायला सांगितलं आणि भाऊसाहेबांनी त्यांच्या खोलीत यंत्र बसवून घेतलं. मुलाने आईसाठी केलं, त्यात वावगं काही नव्हतं. बंगला सांभाळायला कान्हू नावाचा राखणदार, जवळच्याच एका वाडीचा. तो, त्याची बायको चांगुणा आणि त्याची आई, तिघं बंगल्याच्या मागच्या पडवीत राहत.

स्वातंत्र्यानंतरचा दुसरा उन्हाळा. वैशाख लागला होता. निरोप आला की यंत्र पाऊण तास चालतं आणि बंद पडतं, माईंना धाप लागते, लगेच या. मी खोपोलीच्या गाडीने गेले, पुढे टांगा केला.

असं चालून चालून बंद पडणाऱ्या यंत्राचं कारण बहुधा मागे असतं. बाहेरच्या नळ्यांना उष्णता टाकता आली नाही की यंत्र तापतं आणि आतला कटआउट त्याला बंद करतो, जीव वाचवायला. मी पुढची जाळी पाहिली, स्वच्छ होती. मग बंगल्याला वळसा घालून मागे गेले. यंत्राची पाठ पडवीत निघाली होती आणि तिच्यावर एक ओलं गोणपाट टांगलेलं होतं.

सापडलं! बिघाड सापडला की मला जो आनंद होतो तो अजून लहान मुलासारखा होतो. मी गोणपाट ओढून काढलं आणि तिथेच कान्हूला झाडलं. "अरे, हे काय आहे? याचं नाक आहे हे! तुझ्या नाकावर ओलं पोतं बांधलं तर चालशील का तू?"

कान्हू खाली बघत म्हणाला, "चुकलं, बाय."

पडवीच्या कोपऱ्यात लुगड्याचा आडोसा होता. आडोशामागे कोणी बाळंतीण असावी असं वासावरून, धुरी आणि तेलाच्या, माझ्या लक्षात आलं होतं. मला तेव्हा तिच्याशी कर्तव्य नव्हतं. नळ्यांभोवतीच्या पातळ पत्र्यांत गोणपाटाचे धागे अडकले होते ते मी दात घासायच्या ब्रशाने काढले. मग भाऊसाहेबांच्या सुताराकडून लाकडी पट्ट्यांचा हातभर खोल पिंजरा करून घेतला आणि यंत्राच्या पाठीवर स्क्रूने बसवायला लावला, पुन्हा कोणी काही टांगू नये म्हणून. भाऊसाहेब खूश झाले. कान्हूला म्हणाले, "यावर पुन्हा चिंधी जरी दिसली तर आपलं सामान उचलायचं आणि चालू लागायचं. कळलं?"

"व्हय जी."

ऊन उतरलं होतं, मी दोन तास थांबले. यंत्र चाललं. संध्याकाळच्या गाडीने घरी आले आणि ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. पिंजऱ्याची युक्ती ह्यांना फार आवडली.

आठव्या दिवशी पुन्हा निरोप. यंत्र आता दर पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडत होतं.

या वेळी भाऊसाहेब पायरीवरच उभे होते. "बाई, मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. हे काम कोणाचं आहे ते स्पष्ट सांगा. मागे सगळं ओलं केलेलं असतं. भिंत ओली, जमीन ओली, यंत्रावर पाण्याचे शिंतोडे. हा मुद्दाम बिघडवतोय. मी त्याला सांगितलंय, आज बाई बघतील, त्यांनी हो म्हटलं की उद्या सकाळी जागा खाली."

आतून माईंचा खोकला ऐकू येत होता. त्या उशांना टेकून बसल्या होत्या, ओठ निळसर. भाऊसाहेबांचा राग मला समजत होता. आई अशी धापा टाकत असताना कोणालाही राग आला असता.

मी म्हटलं, "यंत्र चालू करा. मी मागे बसून बघते."

पडवीत गेले. पिंजरा जागेवर होता, त्यावर काही नव्हतं. पत्रे स्वच्छ. पंखा बरोबर फिरत होता. पाणी मारलेलं होतं हे खरं, पण शिंतोड्यांनी यंत्र पंधरा मिनिटांत बंद पडत नाही. मला काही सुचेना, म्हणून मी उंबरठ्यापाशी एका खोक्यावर बसले. माझ्या पिशवीत एक तापमापक असतो, पुढून येणारी हवा किती गार आहे ते बघायला. तो मी खुंटीला अडकवला.

तेव्हा पहिल्यांदा मी ती पडवी नीट पाहिली. मागच्या खेपेला मी फक्त यंत्राची पाठ पाहिली होती. पडवी मुळात एका बाजूने उघडी असणार, मुंबईच्या माणसांनी यंत्र बसवलं तेव्हा तशीच होती. पण मधल्या काळात कान्हूने ती बाजू कारवीचा कूड घालून, शेणाने लिंपून बंद केली होती. वरच्या फटींतही पेंढा कोंबला होता. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. सव्वा महिना तिने बाहेर पडायचं नाही. आमच्या भागात हे सगळ्यांकडे आहे, माझ्या बाळंतपणातही माझ्या सासूबाईंनी झरोक्यात कापड कोंबलं होतं.

यंत्राचा वारा पिंजऱ्यातून माझ्या तोंडावर येत होता. भट्टीसमोर बसल्यासारखा. त्याला जायला वाट नव्हती. तीच तापलेली हवा यंत्र पुन्हा ओढत होतं, आणखी तापवून पुन्हा फेकत होतं. पाच मिनिटांत माझं लुगडं पाठीला चिकटलं. तापमापक एकशे बारा फॅरनहाइटला गेला आणि अजून चढत होता.

बांधापलीकडे कोणाचं खाचर आहे ते मी बघितलंच नव्हतं.

मी आडोसा बाजूला केला. कान्हूची आई बसली होती, मांडीवर सुपात निजवलेली मुलगी. चांगुणा तिला ओल्या पदराने पुसत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुसणं थांबवलं, जणू चोरी पकडली गेली.

"किती दिवसांची?"

"सव्वीस," म्हातारी म्हणाली. "आधी बरं वाटलं बग, बाय. चैतात बालंत झाली. आयताच शेक मिलत व्हता, शेगडी पेटवाय नको का लाकडं नको. मी म्हनलं, मालकाची किरपा. मंग वैशाक लागला न् पोरीच्या अंगावर घामोलं उठलं. आता दोन दिस पितच नाय."

"म्हणून गोणपाट टांगलंत?"

"मी टांगलं," चांगुणा म्हणाली. "यांनी नाय. तुमी पिंजरा मारला तवापास्नं पानी मारते. पानी मारलं की घटकाभर बरं वाटतं."

मी मुलीला उचललं. अंग तापलेलं आणि कोरडं, ओठ सुकलेले. टाळूवर हात ठेवला तर ती खोल गेलेली. रडतही नव्हती. मी तीन मुलं वाढवली आहेत आणि एक घालवलं आहे. मला कोणी सांगायला नको होतं.

"बाहेर का नाही नेलंत तिला? आंब्याखाली?"

म्हातारी म्हणाली, "सव्वा म्हैना व्हायचाय, गं."

दारात कान्हू उभा होता. मी त्याच्यावर ओरडले, कारण मला स्वतःवर ओरडता येत नव्हतं. "मी आले होते तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "तुमी इचारलंच नाय, बाय."

मी उठून ट्रान्सफॉर्मरचा खटका बंद केला. यंत्र थांबलं. लगेच भाऊसाहेब धावत आले. "बंद पडलं ना? बघितलंत ना तुम्ही? कोणी केलं?"

"मी केलं. यंत्र बाहेर काढावं लागेल. कान्हू, इकडून धर. भाऊसाहेब, दोन माणसं आतल्या बाजूला द्या."

मी त्यांना कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुंबईच्या इंजिनियरांनी बसवलेलं यंत्र चुकीचं कसं, यावर आमचा तासभर वाद झाला असता आणि मुलीला तेवढा वेळ नव्हता. यंत्र काढता येतं, म्हणून मी यंत्र काढलं. डिसमिसने पिंजऱ्याचे स्क्रू काढले, पिंजरा लाथेने बाजूला केला. पेटारा चौघांनी मिळून सरकवला आणि जमिनीवर ठेवला.

भिंतीत चौकोनी भगदाड उरलं. अलीकडे चांगुणा मुलीला घेऊन उभी. पलीकडे, हाताच्या अंतरावर, माईंचा पलंग. तीन महिने एका भिंतीला डोकं लावून झोपलेल्या या दोघींनी एकमेकींना पहिल्यांदा बघितलं.

पडवीतली हवा भगदाडातून आत घुसली. माईंनी पदराने तोंड झाकलं. "अगं बाई! हे एवढं गरम कुठलं?"

मी म्हटलं, "तुमच्याच खोलीतलं आहे, माई."

"माझ्या?"

"तुमच्या खोलीतून जे काढतं ते इकडे टाकतं. यंत्र एवढंच करतं."

माईंना खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली. मग चांगुणाला म्हणाल्या, "मुलगा का मुलगी?"

"पोरगी हाय, माय."

"आण तिला आत."

म्हातारी मागून म्हणाली, "गार वारा लागंल, माय. सव्वा म्हैना..."

"अगं, माझ्याकडे कुठे वारा आहे आता? यंत्र तर बाईंनी काढून ठेवलं. आण म्हणते ना!"

भाऊसाहेब म्हणाले, "माई, तुला धूळ, धूर, काही चालत नाही आणि त्यात—"

"ते पोर काय धूळ आहे?" माई म्हणाल्या. "टांगा पाठव खोपोलीला. डॉक्टर माझ्यासाठी येतात ना, तसे हिच्यासाठी येतील."

बंद खोलीतला गारवा दोन-तीन तास टिकतो. मी भगदाडावर माईंची जाड सतरंजी ठोकली, म्हणजे आहे तो टिकावा. चांगुणा पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. उकळून निववलेलं पाणी मी चमच्याने थेंब थेंब मुलीच्या ओठांवर सोडत होते. पहिले सात-आठ थेंब बाहेर आले. नंतरचा एक आत गेला. चांगुणा माझ्या चमच्याकडे बघत होती, माई पलंगावरून वाकून बघत होत्या, आणि दाराबाहेर भाऊसाहेब येरझारा घालत होते. डॉक्टर दुपारी आले. त्यांनी मला काय केलं ते विचारलं आणि तेच चालू ठेवायला सांगितलं. ऊन कलताना मुलगी रडली. अगदी बारीक, मांजराच्या पिल्लासारखी. मग तिने आईचं दूध धरलं.

मी त्या दिवशी घरी गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांना म्हटलं, "आता तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर देते. बिघाड यंत्रात नाही आणि कान्हूतही नाही. जागेत आहे. उघड्यावर बसवायची पाठ बंद जागेत निघाली. यंत्र पुढच्या खिडकीत हलवा. मोकळी हवा मिळाली तर दिवसभर चालेल, माईंनाही त्रास होणार नाही."

"पुढच्या खिडकीत? दर्शनी बाजूला? येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पेटारा दिसेल. म्हणून तर मागे बसवला होता."

आतून माई म्हणाल्या, "दिसू दे."

यंत्र पुढे गेलं. सुताराला मी शेजारी उभी राहून बोटभर कल द्यायला लावला. त्या उन्हाळ्यात ते पुन्हा बंद पडलं नाही. मागचं भगदाड भाऊसाहेब बुजवणार होते, पण माईंनी तिथे दोन झडपांची खिडकी करून घेतली. पुढच्या खेपेला गेले तेव्हा ती उघडी होती आणि माई पलंगावरून पडवीतल्या म्हातारीशी बाळाला काय चाटवावं यावर भांडत होत्या.

मुलगी आता धावते. मला बघून आईच्या मागे लपते. लोक म्हणतात, काकू, तुमच्यामुळे वाचली. मी त्यांना सांगत नाही की त्याआधीचे आठ दिवस माझ्या पिंजऱ्याचे होते. ह्यांना सांगितलं, तेव्हा हे म्हणाले, "तुला कसं कळणार होतं?" कळणार होतं. कोपऱ्यात बाळंतीण आहे हे मला वासावरून कळलं होतं, ओल्या गोणपाटाला हात लावला तेव्हा कोणीतरी ते नुकतंच भिजवलंय हेही कळलं होतं. का भिजवलं, एवढंच विचारायचं होतं.

मागच्या महिन्यात खालापूरच्या एका वकिलांचं बोलावणं आलं. यंत्र चालतं आणि बंद पडतं. मी दारातूनच वळले तसे ते म्हणाले, "अहो बाई, यंत्र इकडे आहे. तुम्ही निघालात कुठे?"

"मागे कोण राहतं ते बघून येते."

"मागे कोण राहणार? गोठा आहे."

"मग गोठ्यात जाऊन येते," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले.

दोन म्हशी होत्या. त्यातली एक यंत्राच्या पाठीशी अगदी जवळ बांधलेली, दाव्याला जेवढा ताण देता येईल तेवढा देऊन तोंड फिरवून उभी होती. पंखेवाल्या काकूंनी यंत्राला हात लावायच्या आधी म्हैस हलवायला लावली, असं वकीलसाहेब गावभर सांगत असतात. त्यात खोटं काही नाही. आधी म्हैस हलवली, मग जाळी धुतली.